गढीची दक्षिण बाजू

मित्रांनो, मी एक जुनी गढी आहे. आता जे उभं आहे त्याला गढी म्हणायचं की मातीचा ढीग, यावर आमच्या शहरात दोन मतं आहेत. दोन्ही मतांची माणसं माझी माती मात्र फुकट नेतात.

गढी म्हटलं की तुम्हाला तोफा, घोडे आणि तलवारी आठवत असतील. उगाच आशा लावून घेऊ नका. माझ्यावर कधीच लढाई झाली नाही. माझ्या बुरुजावरून एकदाच बंदूक उडाली, तीही लग्नात, आणि तिने एक पारवा मारला. माझी गोष्ट लढाईची नाही, मातीची आहे.

आमचं शहर वाशीम जिल्ह्यात आहे. इथून रिसोडला आणि मंगरूळपीरला एसटी जाते, एवढंच सांगते. नाव सांगितलं तर बाकीच्या गावांची माणसं म्हणतील की हे तिकडचं आहे, आपल्याला काय त्याचं. तसं होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

मला बांधलं ते देशमुखांच्या कोणा पूर्वजाने. पायाला काळा दगड घातला आणि त्यावर पांढरी माती चढवली. पांढरी माती शेतात मिळत नाही. जिथे पिढ्यान् पिढ्या वस्ती होती, चुली पेटल्या, घरं पडली आणि पुन्हा उठली, तिथलीच जमीन अशी फिकट आणि चिकट होते. म्हणून आमच्याकडे शेताच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गावाच्या जमिनीला पांढरी. त्या मातीत गव्हाचं भूस आणि पाणी घालून ती तुडवली. एक थर घालायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. तुडवणारे पाय बैलांचे होते तसे माणसांचेही होते, आणि ती माणसं नाल्यापलीकडच्या मोहल्ल्यातली होती. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे ते सगळे सोयीने विसरले.

मी उभी राहिले आणि माझ्याभोवती शहर बसलं. दरवाजासमोर देशमुखपुरा बसला. तिथली जोती उंच, पायऱ्या दगडी, आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायची सोय चोख. दक्षिणेला विहिरींच्या बाजूला माळीपुरा. तिथे दारोदार भाजी धुवायच्या दगडी डोणी होत्या आणि गल्ल्या कायम ओल्या असायच्या. उत्तरेला मोमीनपुरा. तिथली घरं बुटकी, पण खोल्या लांबच लांब, कारण मागाला लांबी लागते. पूर्वेला कुंभारपुरा, कारण वारा पश्चिमेकडून येतो आणि भट्टीचा धूर कोणाच्या घरात जायला नको. त्याच्याही पलीकडे, नाल्याच्या अगदी काठावर, आणखी एक मोहल्ला होता. त्यांच्याकडे भट्ट्या नव्हत्या, धूर नव्हता, तरी त्यांनाही वाऱ्याच्या खालच्या अंगालाच ठेवलं होतं. का, ते तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर घरी विचारा, आणि उत्तर देताना मोठी माणसं कुठे बघतात तेही बघा.

घरं अशी वेगवेगळी असली तरी छपरं सगळ्यांची एकाच जातीची होती, धाब्याची. सागाच्या तुळया, त्यावर तुराट्या, त्यावर पळसाची पानं, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. नीट चोपून घातलेली पांढरी माती पाण्याचा थेंब खाली येऊ देत नाही. पण तो थर दर वर्षी नव्याने घालावा लागतो. एवढी माती आणायची कुठून? माझ्यातून. देशमुखांच्या घोड्यांचे दिवस संपले, तबेल्याच्या भिंती पडल्या, आणि लोक टोपल्या घेऊन यायला लागले.

त्याचीही रीत ठरली होती. अक्षय तृतीया झाली की बायका यायच्या. माझ्या अंगाला हळदकुंकू लावायच्या, "पांढरी माय, घर राख" म्हणायच्या आणि मग टिकास चालवायच्या. प्रत्येक पुऱ्याची खणायची जागा वेगळी होती. माळीपुरा दक्षिणेकडून खणायचा, कारण तिथली माती लोण्यासारखी. मोमीनपुरा उत्तरेकडून. नाल्याकाठच्या मोहल्ल्याला मात्र कुंभारांच्या बाजूचा पडका कोपरा दिला होता. तिथे निम्मी माती आणि निम्मी राख व खापरं होती. त्या मातीची धाबी गळायची. पावसाळ्यात ती माणसं घरात गोणपाट पांघरून बसायची, आणि ती माझीच माती होती म्हणून मला त्याचं फार वाईट वाटायचं.

त्यांनी दक्षिणेची माती मागितली नाही असं नाही. दर वर्षी मागितली. पण देशमुखांच्या घरातले आबा, म्हणजे आजच्या उकंडराव देशमुखांचे आजोबा, ओट्यावरून एकच उत्तर द्यायचे. "तिकडून तुमी खणलं तं गढी येईन खाली. माणसं मरतीन." माळीपुऱ्याची टिकास तेव्हा त्याच बाजूला दणादण चालू असायची. माळ्यांनी खणलं तर गढी पडत नाही आणि यांनी खणलं तर पडते, असं त्या आबांचं शास्त्र होतं. माझं नाव घेऊन ते खोटं बोलत होते आणि मला तोंड नव्हतं.

छप्पन्न साल आलं. नाल्याकाठच्या मोहल्ल्याने धम्म स्वीकारला. जुनं जातीचं नाव टाकून मोहल्ल्याने सिद्धार्थनगर हे नाव घेतलं आणि मेलेली ढोरं ओढायला नकार दिला. माती मात्र अजून खापरांचीच होती. पुढे काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात, तिथली माणसं दिवसाढवळ्या टिकास-फावडी घेऊन दक्षिणेला आली. पुढे होता गंगूचा सासरा; गंगू कोण, ते लगेच सांगते. देशमुखपुऱ्यातून काठ्या आल्या. त्या काठ्यांमध्ये तरुण उकंडरावही होते. त्यांनी कोणाला मारलं नाही आणि कोणाला अडवलंही नाही, नुसते उभे राहिले. गंगूच्या सासऱ्याचा उजवा हात मोडला. तो मोडका हात घेऊन माझ्या पायथ्याशी बसून राहिला आणि उठेना. पोलीस आले, चार दिवस गाव धुमसलं, आणि शेवटी दक्षिण बाजू सगळ्यांना मोकळी झाली.

पहिली टोपली नेली गंगूने. तेव्हा ती नवी सून होती. डोक्यावर टोपली, पदर खोचलेला, आणि चाल अशी की जणू बँडबाजा पुढे चालला आहे. त्या वर्षी तिचं धाबं गळलं नाही. पावसाळाभर ती शेजारणींना घरात बोलावून वर बघायला लावायची. कोरडं छप्पर बघायला माणसं बोलावणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि मला ती फार आवडली.

मग नाल्याला मोठा पूर आला, सिद्धार्थनगरची खालची घरं वाहून गेली. ज्यांची गेली ते दक्षिणेला, खणून सपाट झालेल्या जागेत येऊन राहिले. तिथे माझी भिंत उंच होती, पण पायथ्याशी इतकी वर्षं पोखरल्यामुळे आत गेलेली होती. वर जाड आणि खाली बारीक, अशी मी तिथे ओणवी उभी होते. उन्हात तिथे छान सावली पडायची, म्हणून त्या जागेला सगळे चांगली जागा म्हणायचे.

गंगूचा नवरा लवकर गेला. तिने मजुरी करून मुलाला शिकवलं. हा प्रसेनजित एसटीत कंडक्टर झाला, पगार लागला, आणि त्याने विटांचं, स्लॅबचं घर बांधलं. घराला तीन भिंती विटांच्या घातल्या आणि चौथी मी. गवंड्याने मागची भिंत बांधू का म्हणून विचारलं, तेव्हा गंगू हसली. "कायले? हे हाये ना. देशमुखाच्या घोड्यानं नाई हालली ते आमच्या भांड्याकुंड्यानं हालन का?" प्रसेनजितने माझ्या अंगात एक कोनाडा कोरला. त्यात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला. ज्या भिंतीला हात लावायची तिच्या सासऱ्याला बंदी होती, तिच्यात आता तिचं देव्हाऱ्यासारखं ठिकाण होतं. तो गंगूचा अभिमान होता, आणि मलाही तो सुखाचा काळ होता. खोटं कशाला बोलू?

मधल्या काळात शहर पालटलं. धाबी गेली, स्लॅब आले. माळीपुऱ्यात दुमजली घरं उठली, मोमीनपुऱ्यातले माग बंद पडून तिथे मोटारसायकलींची दुकानं झाली. आता छपराला माती नको होती. मला वाटलं, सुटले. पण पांढरी माती शेताला खतासारखी चालते हा शोध कोणाला तरी लागला आणि ट्रॉल्या यायला लागल्या. कोणी प्लॉटमध्ये भर टाकायला नेली, कोणी वीटभट्टीला. हळदकुंकू बंद झालं, खणणं वाढलं. एकदा मोठ्या शहरातून जुन्या इमारतींचे शौकीन आले. त्यांनी माझ्या दरवाजाचे पुष्कळ फोटो काढले, कमानीवरचं नक्षीकाम पाहून वा वा केलं आणि चहा पिऊन निघून गेले. दक्षिणेला कोणी फिरकलंच नाही.

आता मी यंदाच्या श्रावणाकडे येते.

झड लागली होती. आमच्याकडे झड म्हणजे सूर्य न दिसता दिवसेंदिवस चालणारा बारीक पाऊस. धो-धो पावसाची मला भीती नाही, त्याचं पाणी अंगावरून वाहून जातं. झडीचं पाणी आत मुरतं. माझ्या माथ्यावर एक बेलाचं झाड आहे. श्रावणात महादेवाला बेल वाहायला उकंडराव सकाळी वर येतात. आता त्यांची सत्तरी उलटली आहे, शेती थोडी उरली आहे, आणि आबांचा तो ओटा विकून तिथे फरसाणचं दुकान झालं आहे. त्या सकाळी त्यांनी बेल तोडला, वळले, आणि त्यांचा पाय भेगेत गेला. भेग दक्षिण कडेला समांतर, लांबलचक. त्यांनी काठी आत घातली. काठी मुठीपर्यंत गेली.

उकंडरावांनी बेल तिथेच टाकला आणि पावसात, छत्री न घेता, ते खाली उतरले. घसरत, धरत, ते थेट गंगूच्या दारात आले. या घरात त्यांच्या घराण्यातलं कोणी याआधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

"गंगूबाई, हायेत का घरात?"

गंगू बाहेर आली. तिला आश्चर्य वाटलं, पण तिने ते दाखवलं नाही. "या ना देशमुख. पावसात काहून उभे? मंजुषा, खुर्ची दे वं, अन् च्या ठेव."

मंजुषा म्हणजे गंगूची सून. तिने लाल खुर्ची पुसून दिली. घरात दहा वर्षांची धम्मदीपा होती, प्रसेनजितची मुलगी. पावसामुळे शाळेला सुट्टी दिली होती. उकंडराव खुर्चीच्या टोकावर बसले. धापा टाकत होते.

"गंगूबाई, वरतं भेग पडून राह्यली. माह्यी पुरी काठी आत गेली. हे भिंत येते आता. आजच्या आज घर खाली करा."

 मंजुषाने चहा आणला. गंगूने कप स्वतः त्यांच्यापुढे केला. "आंदी च्या घ्या."

"नाई, राहू द्या. टाइम नाई माह्यापाशी. बाजूच्या घरी बी सांगाचं हाय."

त्यांनी हात आडवा केला. गंगूचा कप धरलेला हात तसाच राहिला, आणि तिचा चेहरा बदलला. मित्रांनो, तो चेहरा मी ओळखत होते. टोपली घेऊन आलेल्या बाईला ओट्यावरून नाही म्हटलं जायचं तेव्हा तिच्या सासूचा चेहरा असाच व्हायचा. उकंडरावांनी चहा घाईमुळे नाकारला की जुन्या सवयीने हात आपोआप आडवा झाला, हे मला सांगता येणार नाही. कदाचित त्यांनाही सांगता येणार नाही. गंगूला मात्र काही शंका उरली नाही.

"देशमुख, तुमचे आबा बी हेच म्हणत होते," ती शांतपणे म्हणाली. "गढी येते म्हणे खाली. माह्या सासऱ्याचा हात मोडला. गढी काई मोडली नाई."

उकंडरावांनी मान खाली घातली. "ते खोटं बोलत होते, गंगूबाई."

"मंग?"

"मी खरं बोलून राह्यलो."

"तुमचं खरं अन् त्यायचं खोटं, दोन्ही ऐकाले एकसारखंच लागते ना आमाले," गंगू म्हणाली. तिने कप खाली ठेवला. "तुमी आमच्या घरात कधी आले नाई. आज आले ते घर खाली करा म्हनाले आले. अन् घोटभर च्या नाई चालत तुमाले."

आता उकंडरावांच्या लक्षात आलं. त्यांनी घाईघाईने कपाला हात घातला. "अवो, घेतो ना, घेतो, तसं नाई..."

"राहू द्या आता. थंडा झाला तो." तिने कप उचलून मोरीत ओतला.

 म्हातारे उकंडराव उठून शेजारच्या घरी गेले. शेजारच्यांनी ऐकलं. ते पोराबाळांना घेऊन पाहुण्यांकडे निघून गेले. मला अजून वाटतं, उकंडराव आधी तिकडे जाऊन मग गंगूकडे आले असते, तर घाई नसती आणि चहा पोटात गेला असता. पण भेग सगळ्यांत मोठी गंगूच्याच माथ्यावर होती, म्हणून ते आधी तिच्याकडे आले.

मंजुषा घाबरली होती. ती गेले काही दिवस कोनाड्यातली माती झाडत होती. सकाळी झाडावं आणि दुपारी पुन्हा मूर्तीच्या मांडीवर पांढरी भुकटी दिसावी.

"आई, मले खरं वाटते ते. माती लय झडून राह्यली."

"झडीत झडतेच माती."

"आपुन दोन दिवस विहारात जाऊ. झड उघडली का येऊ वापस."

मंजुषाने प्रसेनजितला फोन लावला. तो रिसोडच्या गाडीवर होता. मागे प्रवाशांचा गलका ऐकू येत होता. तो म्हणाला, "पोरीले घेऊन आत्ता विहारात जा. आईले बी ने. मी ड्युटी सोडून येतो सांजच्याले."

गंगूने ऐकलं आणि मान हलवली. "तुमी जा. पोरीले घेऊन जा, मी नाई म्हनत नाई. पन मी नाई येत. देशमुखानं तोंडातून शब्द काढला अन् आपुन उठून गेलो, तं उद्या म्हनतीन, यायनंच सोडली जागा. माह्या सासऱ्यानं या जाग्यासाठी जलमभर लुळा हात वागवला. प्रसेनजित आला का त्याले वरतं जाऊन पाहू दे. माह्या पोरानं सांगतलं तं उठतो मी."

यात न पटण्यासारखं काय होतं? मला तरी काही सापडत नाही. आयुष्यभर ज्यांनी फसवलं त्यांच्या शब्दावर घर सोडू नये, हे तिला आयुष्यानेच शिकवलं होतं. संध्याकाळपर्यंत थांबा, एवढंच ती म्हणत होती.

मंजुषा धम्मदीपाला घेऊन निघाली. पोरगी आजीच्या लुगड्याला धरून रडायला लागली, तेव्हा गंगूने तिला गूळ-शेंगदाणे दिले आणि म्हणाली, "जा वं बाई, मी आलोच मागून." दोघी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत ती दारात उभी होती.

मग ती एकटीच आत आली. कोनाड्यातली माती तिने पदराने पुसली. मूर्ती उचलून बाजेवर ठेवली, आणि पुन्हा काय वाटलं कोण जाणे, परत जागेवर ठेवली. मग तिने माझ्यावर तळहात टेकला. बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"काय वं पांढरे माय," ती म्हणाली, "पडतं का तू?"

मित्रांनो, इतक्या पिढ्यांमध्ये मला कोणी काही विचारलं ते त्याच दिवशी. सगळे घेऊन गेले, हिने विचारलं. आणि मी हो म्हणू शकले नाही. आतून माझे थर सुटत होते. ज्यांना बैलांनी आणि तिच्याच पूर्वजांनी तुडवून एकजीव केलं होतं ते पाण्याने फुगून एकमेकांना सोडत होते. मला ओरडायचं होतं. माझ्याकडे होती फक्त माती, म्हणून माझ्याकडून थोडी माती पडली. तिच्या हातावर, मनगटापर्यंत. तिने ती झटकली.

"पडत नाई तू," ती म्हणाली. "तू आमची हायेस."

दुपारी, चहाच्या वेळेच्या जरा आधी, मी पडले.

त्याचं वर्णन मी करणार नाही. मोठा आवाजही झाला नाही. ओली माती आवाज करत नाही. स्लॅब तुटला, तेवढाच काय तो आवाज झाला.

सगळे पुरे धावले. माळीपुऱ्यातून फावडी आली, मोमीनपुऱ्याची पोरं आली, कुंभार आले, देशमुखपुरा आला. त्या शहराला मी कधी असं एका जागी जमलेलं पाहिलं नव्हतं. उकंडराव गुडघ्यांवर बसून हातांनी माती उपसत होते, नखांतून रक्त येत होतं, आणि कोणी हात धरून बाजूला नेलं की पुन्हा येऊन बसत होते. जेसीबी आला. प्रसेनजित खाकी कपड्यांत, गळ्यात तिकिटांचं मशीन तसंच अडकवलेलं, धावत आला. अंधार पडायच्या आत गंगू सापडली. पांढऱ्या मातीने ती आपादमस्तक माखली होती. तिला धुवायला फार पाणी लागलं.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे संपली. संपायला हवी होती. निदान एवढ्यावर तरी ती संपायला हवी होती.

साहेब लोक आले, छत्रीखालून पाहून गेले. लाल-पांढरी पट्टी बांधली, ती त्याच संध्याकाळी सुटून चिखलात पडली. झड उघडली तेव्हा प्रसेनजित उकंडरावांकडे गेला. दोघांत फार बोलणं झालं नाही. "मले दाखवा," एवढंच तो म्हणाला. दोघे वर आले. बेलाचं झाड आता कडेवर लोंबकळत होतं. प्रसेनजितने पाहिलं की भेग आईबरोबर संपलेली नाही. ती तशीच पुढे पश्चिमेकडे गेली आहे, माझ्या उरलेल्या भिंतीवरून, माळीपुऱ्याच्या टोकाला असलेल्या विकासच्या घरावर. विकास भाजीचा अडत्या आहे. त्यानेही चौथी भिंत बांधलेली नाही. तिथेही मीच आहे, तिथेही मी खालून पोखरलेली आहे, आणि माझ्या पोटातच त्याने गोठा काढला आहे.

प्रसेनजित थेट तिथे गेला. डोकं अजून सांत्वनाच्या गर्दीने जड झालेलं, डोळे लाल.

"विकासभाऊ, भेग तुमच्याकडे आली. मी पाहून आलो. हात जाते आत. घर खाली करा, आजच."

विकासने त्याला नीट बसवलं, आईबद्दल दोन चांगले शब्द बोलला आणि म्हणाला, "पाहू ना. आमची बाजू मजबूत हाय तशी." विकासची आई गोजराबाई आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती. प्रसेनजित चपला घालत असतानाच ती बोलली. हळू बोलली, पण त्याला ऐकू जाईल इतकी.

"त्याचं घर गेलं ना. आता इकडली जागा पायजे त्याले. आपुन खाली केली का हे सारे येऊन बसतीन."

प्रसेनजित दारात थांबला.   त्या क्षणी त्याला आपली आई समजली असावी, असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. उकंडरावांनाही घेऊन आला. गोजराबाईने दार लोटून घेतलं. म्हणाली, देशमुख बी फितला त्यायले. तिसऱ्या खेपेला विकासची माणसं अंगावर धावून आली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वास्तूंनी शेवटी तुम्हाला विनवायचं असतं की आम्हाला जपा, आमच्या भिंतींवर नावं कोरू नका. मी तसं विनवत नाही. मला जपू नका. मला पाडा. वरून, थरावर थर, जशी बांधली तशी, दिवसाउजेडी आणि खाली कोणी नसताना पाडा. माझी माती ज्याला हवी त्याने न्यावी, मी कधी नाही म्हटलं आहे? पण खालून पोखरून मला माणसांच्या डोक्यावर तोलून ठेवू नका. आणि भिंत पडणार आहे असं कोणी सांगायला आलं, तर तो कोणत्या पुऱ्यातून आला हे आधी विचारू नका. त्याच्यावर विश्वास नसेल तर नसू दे. वर या, स्वतःचा हात भेगेत घालून पाहा, आणि मग काय ते ठरवा. एवढं गंगूच्या बाबतीत राहून गेलं.

येणाऱ्याने आजच यावं. सकाळपासून पुन्हा झड लागली आहे. विकास बाजारात गेला आहे. गोजराबाई घरातच आहे, आणि त्याची मुलगी वैष्णवी, धम्मदीपाच्याच वर्गातली, अंगात ताप असल्यामुळे आज शाळेत गेलेली नाही. तिची बाज माझ्या अंगाला लावून टाकली आहे.